पंच्याऐंशीव्या वर्षी पुन्हा राष्ट्राध्यक्ष : मलावीच्या मुथारिकांनी उभे राहायला हवे होते का?

धागाकर्ता : माळावरून

आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशात १६ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या निवडणुकीत माजी राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका जवळजवळ ५७ टक्के मते मिळवून पुन्हा निवडून आले आणि ४ ऑक्टोबर रोजी ब्लँटायर शहरातील कामुझू स्टेडियममध्ये त्यांनी पदाची शपथ घेतली. त्यांचा जन्म जुलै १९४० मधला, म्हणजे शपथ घेताना त्यांना पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झालेली होती, आणि कार्यकाळ पुरा झाला तर ते नव्वदी गाठून पायउतार होतील. ज्या देशातील निम्मी प्रजा अठराच्या आसपासची किंवा त्याहून लहान आहे, त्या देशाने पाचच वर्षांपूर्वी स्वतः घरी पाठवलेल्या गृहस्थांना पुन्हा बोलावून घेतले. प्रचाराच्या काळात ते लोकांसमोर फार कमी वेळा आले, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीविषयी उलटसुलट बोलले जात होते, तरीही निकाल एवढा स्पष्ट लागला की तत्कालीन अध्यक्ष लाझारस चकवेरा यांनी अधिकृत घोषणा होण्याआधीच पराभव मान्य केला.

या निमित्ताने वयाविषयी जी चर्चा झाली ती मला पोकळ वाटते. एक बाजू म्हणते की पंच्याऐंशी हे नातवंडांबरोबर बसण्याचे वय आहे. दुसरी म्हणते की अनुभवाला वय नसते. या दोन्ही वाक्यांनी काहीच ठरत नाही. माझ्या मते वृद्ध माजी अध्यक्षाने पुन्हा उभे राहावे की नाही, हे ठरवताना एकच प्रश्न विचारायला हवा : हा माणूस मध्येच कोसळला तर सत्ता कोणाच्या हाती जाईल, ती कशी जाईल, आणि मत देताना मतदाराला हे ठाऊक होते का? मलावीच्या बाबतीत हा प्रश्न कल्पनेतला नाही. तो त्या देशात एकदा प्रत्यक्ष उभा राहिलेला आहे, आणि त्या वेळी त्याच्या मध्यभागी हेच पीटर मुथारिका होते.

ती हकिकत थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. पीटर यांचे थोरले बंधू बिंगू वा मुथारिका २००४ पासून राष्ट्राध्यक्ष होते. पीटर हे कायद्याचे प्राध्यापक; अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. बिंगूंनी त्यांना राजकारणात आणले, मंत्री केले आणि आपल्यानंतर २०१४ च्या निवडणुकीत तेच पक्षाचे उमेदवार असावेत अशी पावले टाकायला सुरुवात केली. उपराष्ट्राध्यक्ष जॉइस बांडा यांनी ही घराणेशाही मान्य केली नाही, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये त्यांची डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीतून हकालपट्टी झाली. मात्र उपराष्ट्राध्यक्ष हे पद निवडणुकीने मिळालेले असल्याने ते पक्षाला काढून घेता येईना. बांडांनी स्वतःचा पक्ष काढला आणि पदही सोडले नाही.

५ एप्रिल २०१२ रोजी बिंगू हृदयविकाराच्या झटक्याने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारले. राज्यघटनेप्रमाणे त्याच दिवशी बांडांना शपथ द्यायला हवी होती. प्रत्यक्षात मृतदेह उपचाराच्या नावाखाली विमानाने दक्षिण आफ्रिकेला नेण्यात आला, देशाला अध्यक्ष आजारी असल्याचे सांगण्यात आले, आणि काही मंत्र्यांनी मध्यरात्री पत्रकारांना बोलावून जाहीर केले की बांडांनी वेगळा पक्ष काढला असल्यामुळे त्यांना अध्यक्षपद मिळू शकत नाही. मलावीत त्या मंडळींना आजही ‘मध्यरात्रीचे सहा’ म्हणतात. लष्करप्रमुखांनी घटनेची बाजू घेतली म्हणून ७ एप्रिलला बांडांचा शपथविधी झाला. पुढे चौकशी आयोग बसला आणि मार्च २०१३ मध्ये पीटर मुथारिकांसह अनेकांना अटक होऊन त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. त्यांनी तो नाकारला. २०१४ मध्ये तेच निवडून आल्यावर खटला मागे पडला.

आता २०२५ कडे या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी मुथारिकांनी ज्यांना सोबत घेतले त्या जेन आन्सा कोण? २०१९ ची निवडणूक ज्या आयोगाने घेतली त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. त्या निवडणुकीत मुथारिकांना ३८.५७ टक्के आणि चकवेरांना ३५.४१ टक्के मते दाखवली गेली. नंतर उघड झाले की निकालाच्या तक्त्यांवर अनेक ठिकाणी पांढरा व्हाइटनर फासून आकडे बदललेले आहेत. आन्सांच्या राजीनाम्यासाठी देशभर कित्येक महिने मोर्चे निघाले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी घटनात्मक न्यायालयाचे पाच न्यायाधीश लष्कराच्या चिलखती गाडीतून, अंगात गोळीरोधक जाकिटे घालून न्यायालयात आले आणि त्यांनी ती निवडणूक रद्द केली. विजेत्याला निम्म्याहून अधिक मते मिळायलाच हवीत, असेही त्यांनी ठरवले. जूनमध्ये फेरमतदान झाले आणि मुथारिका हरले.

म्हणजे पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या नंतरची खुर्ची अशा व्यक्तीसाठी राखली गेली की जिच्या कारभाराखाली झालेली निवडणूक न्यायालयाला रद्द करावी लागली. माझा आक्षेप येथे आहे. कायद्याने त्यांना उभे राहण्याचा हक्क होता आणि लोकांनी त्यांना स्वच्छ बहुमत दिले, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु त्यांनी उभे राहायला नको होते असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण वयापेक्षा त्यांनी स्वतःच्या वयाला दिलेले हे उत्तर आहे.

प्रतिसाद : ओसरी

धागा आवडला, तरी निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी ब्लँटायरला लागून असलेल्या लिंबे भागात काही काळ राहत होतो. आपण मांडलेला वारसाचा प्रश्न वाचनालयात बसून महत्त्वाचा वाटतो. तेथे रस्त्यावर उभे राहिल्यावर दुसरेच प्रश्न दिसतात.

पेट्रोल पंपावर टँकर येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी आदल्या रात्रीपासून गाड्या लागत. चालक आसने मागे पाडून गाडीतच झोपत. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते पिवळे कॅन दोरीत ओवून रांगेत ठेवून देत आणि पहाटे येऊन आपापला कॅन ओळखत. टँकर आला नाही तर तेच इंधन मागच्या गल्लीत बाटलीने मिळे, अर्थात चढ्या भावाने. हे सारे का झाले? देशाकडे परकीय चलनच उरले नव्हते. मे २०२२ मध्ये क्वाचा या तेथील चलनाचे मूल्य २५ टक्क्यांनी आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी ४४ टक्क्यांनी खाली आणले गेले. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने हजाराहून अधिक माणसे नेली. त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. मक्याचे पीठ हेच जेथे दोन वेळचे जेवण आहे, तेथे मक्याचा भाव आणि खताच्या पोत्याची किंमत यांवरच मत ठरते.

चकवेरा २०२० मध्ये दहा लाख रोजगारांचे आश्वासन देऊन आले होते. ते धर्मोपदेशक होते, बोलायला गोड होते, मुथारिकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. यांपैकी कशाचाही रांगेतल्या माणसाला उपयोग झाला नाही. मुथारिकांच्या काळात महागाई एक आकडी झाली होती आणि रांगा नव्हत्या, एवढे लोकांना आठवत होते. त्यांना आन्साबाई आठवत नव्हत्या असे नाही, पण त्या आठवणीने घरात पीठ येत नाही. अशा मतदाराला ‘तुमच्या उमेदवाराने उभेच राहायला नको होते’ असे सांगणे मला थोडे उद्धटपणाचे वाटते. पर्याय काय होता? मतपत्रिकेवर सतरा नावे होती, त्यांत जॉइस बांडाही होत्या. लोकांनी सगळ्यांकडे पाहून निवड केली.

प्रतिसाद : गणितमास्तर

मतदारावर सोडून द्या, हे म्हणणे ऐकायला लोकशाहीवादी वाटते, पण मतदाराला उमेदवाराची वैद्यकीय स्थिती कळण्याचा कोणताच मार्ग नसतो. ज्याची माहितीच दिली जात नाही त्याबाबत त्याने निर्णय घेतला असे कसे म्हणायचे? म्हणून उमेदवारीच्या किमान वयाप्रमाणे कमाल वयही घटनेतच असावे, या मताचा मी आहे.

हे शक्य आहे का, असे विचारणाऱ्यांनी बेनिन या देशाकडे पाहावे. १९९० च्या त्यांच्या राज्यघटनेने अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे वय ४० ते ७० या दरम्यान असावे अशी अट घातली. मॅथ्यू केरेकू यांनी १९७२ मध्ये लष्करी उठाव करून सत्ता घेतली आणि ती १९९१ पर्यंत भोगली. मग निवडणुकीत निसेफोर सोग्लो यांच्याकडून हरले, शांतपणे घरी गेले, आणि १९९६ मध्ये त्याच सोग्लोंना हरवून परत आले. माजी अध्यक्ष पुन्हा निवडून येण्याचे हे चांगले उदाहरण आहे. २००६ उजाडले तेव्हा दोघेही सत्तरी ओलांडून गेले होते. केरेकूंसाठी घटना बदलावी अशी कुजबुज झाली, पण ती बदलली गेली नाही. दोन्ही म्हातारे एकाच वेळी बाजूला झाले आणि बोनी यायी हे बँकेतून आलेले नवे गृहस्थ निवडून आले. कोणाच्या नाडीवर बोट ठेवावे लागले नाही की कोणाच्या चालण्याची चित्रफीत तपासावी लागली नाही. नियमाचा हा मोठा फायदा असतो की तो कोणा एकाचा अपमान करत नाही.

प्रतिसाद : माळावरून

गणितमास्तर, बेनिनचे उदाहरण उत्तम आहे, मात्र त्याच्या शेजारी युगांडा ठेवून पाहा. तेथेही घटनेत ७५ ची मर्यादा होती. तेथील राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी त्या वयाजवळ येऊ लागले तेव्हा, डिसेंबर २०१७ मध्ये, संसदेने ती काढून टाकली. त्याआधी सभागृहात खुर्च्या फेकून हाणामारी झाली होती. बेनिनमध्ये नियम टिकला, कारण सत्ता सोडण्याची सवय आधीच लागलेली होती. जेथे ती नाही, तेथे नियम हवा तेव्हा पुसला जातो. शिवाय माजी अध्यक्षाच्या हाती घटना बदलण्याची सत्ता नसते, त्यामुळे वयोमर्यादेची झळ परत येऊ पाहणाऱ्याला बसते आणि खुर्चीत बसलेला तिच्यातून निसटतो, हा अन्याय वेगळाच.

मला नायजेरियाने काढलेली वाट अधिक पटते. राष्ट्राध्यक्ष उमारू यार’अदुआ नोव्हेंबर २००९ मध्ये उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले, पण जाताना उपराष्ट्राध्यक्षांकडे अधिकार सोपवण्याचे पत्र त्यांनी संसदेला दिले नाही. दोन महिन्यांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या देशाला कामचलाऊ प्रमुखदेखील नव्हता. शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये संसदेने ठराव करून गुडलक जोनाथन यांना कार्यकारी अध्यक्ष केले. मे महिन्यात यार’अदुआ वारले तेव्हा त्यांचे वय ५८ होते. सत्तरची मर्यादा येथे कामाची नव्हती. त्यानंतर घटनेत दुरुस्ती झाली की अध्यक्षाने २१ दिवसांत पत्र दिले नाही, तर संसद साध्या बहुमताने उपाध्यक्षांकडे कारभार सोपवू शकते.

आता पुढचा भाग पाहा. मुहम्मदू बुहारी हे १९८३ ते १९८५ या काळातील लष्करी सत्ताधीश. ते २०१५ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी मतपेटीतून परत आले, म्हणजे आपल्या विषयात अगदी नेमके बसणारे. २०१७ मध्ये ते दोनदा लंडनला उपचारांसाठी राहिले. दुसऱ्या वेळी तर शंभराहून अधिक दिवस. दोन्ही वेळा त्यांनी आधी पत्र दिले आणि उपराष्ट्राध्यक्ष येमी ओसिनबाजो यांनी कारभार पाहिला. आजार काय आहे हे बुहारींनी शेवटपर्यंत सांगितले नाही, ते मला मुळीच पटले नाही. तरी सरकार चालू राहिले आणि कोणी मध्यरात्री पत्रकार बोलावले नाहीत.

ओसरी यांच्या रांगेबद्दल : मतदाराने मुथारिकांना निवडले यात मला उद्धटपणे बोलण्यासारखे काही नाही. त्याला समोर जे ठेवले त्यातून त्याने निवडले. मी जाब विचारतो आहे तो ठेवणाऱ्याला. महागाईच्या रागावर कोणीही निवडून आले असते, असे वातावरण असताना सोबतीला निष्कलंक माणूस घेणे त्यांना सर्वांत स्वस्त पडले असते.

प्रतिसाद : तिसरी घंटा

या विषयावर बोलताना अर्जेंटिनाचे माजी राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांना वगळता येणार नाही. १९५५ च्या लष्करी उठावानंतर ते परदेशी गेले आणि अठरा वर्षे त्यांच्या नावाभोवती आशा साचत गेली. मार्च १९७३ मध्ये त्यांना उभे राहता आले नाही, म्हणून त्यांच्या वतीने हेक्टर कांपोरा निवडून आले. मे महिन्यात त्यांनी पद घेतले आणि जुलैमध्ये पेरोन यांच्यासाठी वाट मोकळी करायला राजीनामा दिला. सप्टेंबरच्या निवडणुकीत पेरोन सुमारे ६२ टक्के मतांनी जिंकले. वय ७७, हृदय थकलेले. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी कोणाला घेतले? तिसऱ्या पत्नी इसाबेल यांना, ज्यांनी पूर्वी कोणतेही सरकारी पद सांभाळलेले नव्हते. पक्षात डावे आणि उजवे एकमेकांवर बंदुका रोखून होते. पेरोन परतले त्याच दिवशी, २० जूनला, एझेइझा विमानतळाजवळ स्वागताला जमलेल्या लोकांवरच गोळीबार झाला होता. अशा पक्षात कोणत्याही एका गटाचा वारस नेमला असता तर दुसरा बिथरला असता, म्हणून पत्नीचे नाव ही तडजोड होती, असे समजून घेता येते.

१ जुलै १९७४ रोजी, पद घेतल्यापासून नऊ महिनेही झाले नसताना, पेरोन गेले. इसाबेलबाईंच्या नावाने होसे लोपेस रेगा हा त्यांचा सचिव कारभार हाकू लागला, त्याच्या आश्रयाने खुनी टोळ्या फिरू लागल्या, आणि २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतरच्या सात वर्षांत लष्करी राजवटीने हजारो माणसे नाहीशी केली. पेरोन यांच्या सभांत जमणारी गर्दी खरी होती, मतेही खरी होती. ६२ टक्के लोकांनी पेरोन यांना मत दिले आणि त्यांना इसाबेल मिळाल्या. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला याहून बळकट आधार मला माहीत नाही.

प्रतिसाद : पाणवठा

एवढी चर्चा झाली आणि अमेरिकेचे नाव कोणी घेतले नाही, याचे नवल वाटते. डॉनल्ड ट्रंप २०२४ मध्ये परत आले तेव्हा ७८ वर्षांचे होते, आणि शपथ घेतानाच्या वयात त्यांनी बायडन यांनाही काही महिन्यांनी मागे टाकले. ज्या बायडन यांनी २७ जूनच्या वादसभेनंतर महिन्याभरात वयाच्याच कारणाने माघार घेतली, त्यांच्याविषयी जेवढे बोलले गेले त्याच्या चौथाईदेखील ट्रंप यांच्या वयाविषयी बोलले गेले नाही. लोक वय मोजत नाहीत, आवाजाची पट्टी मोजतात.

प्रतिसाद : माळावरून

पाणवठा, आपले शेवटचे वाक्य मला मान्य आहे. अमेरिकेचे नाव मुद्दाम टाळले, कारण ते आले की बाकीचे देश धाग्यातून हद्दपार होतात. मात्र तेथील एक गोष्ट विषयाला धरून आहे. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला. पत्नी आणि डॉक्टर यांनी त्यांची खरी अवस्था मंत्र्यांपासूनदेखील लपवली, आणि अशा अवस्थेत १९२० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळावी अशी आशा विल्सन बाळगून होते. अध्यक्ष कारभारास असमर्थ झाला तर काय करायचे, हे स्पष्ट सांगणारी पंचविसावी दुरुस्ती मात्र १९६७ मध्ये, म्हणजे केनेडींच्या हत्येनंतर, आली. तेथे निदान ती आहे.

प्रतिसाद : बखरवाला

विषयाच्या कडेने एक आठवण. आपल्याकडे राष्ट्रपतिपद कारभाराचे नाही, त्यामुळे तुलना ताणणार नाही. पण माजी राष्ट्रपतींना पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न आपणही पाहिला आहे. जून २०१२ मध्ये ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंग यांनी एपीजे अब्दुल कलाम यांचे नाव पुढे केले. कलाम तेव्हा ऐंशी वर्षांचे होते आणि त्यांची लोकप्रियता तसूभरही कमी झालेली नव्हती. मुलायमसिंगांनी काही दिवसांतच पाठ फिरवली, आकडे जुळेनात, आणि कलामांनी नम्रपणे नकार कळवला. कलामांनी लढवून हरावे असे वाटणारेही तेव्हा बरेच होते. त्यांनी ऐकले नाही ते बरे झाले.

मूळ विषयाबाबत एक शंका : मलावीच्या घटनेत दोनच कार्यकाळ अशी अट आहे ना? मग मुथारिका तिसऱ्यांदा कसे?

प्रतिसाद : माळावरून

बखरवाला, शंका योग्य आहे. घटनेचे ८३ वे कलम सलग दोन कार्यकाळांविषयी बोलते. बाकिली मुलुझी १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे अध्यक्ष होते. आधी त्यांनी ही अटच काढण्याचा प्रयत्न केला. २००२ मध्ये ते विधेयक संसदेत अगदी थोडक्या मतांनी पडले. मग पाच वर्षे थांबून २००९ मध्ये ते म्हणाले की आता माझे कार्यकाळ सलग राहिले नाहीत. न्यायालयाने ते मानले नाही आणि त्यांना रिंगणाबाहेर ठेवले. मुथारिकांचा २०१४ चा कार्यकाळ पुरा झाला, परंतु २०१९ ची निवडणूकच रद्द झाली आणि फेरमतदानात ते हरले. त्यामुळे आयोगाने त्यांचा अर्ज स्वीकारला. जी निवडणूक व्हाइटनरमुळे बाद झाली, तिच्या बाद होण्यानेच त्यांचा परतीचा रस्ता मोकळा राहिला, हा योगायोग कादंबरीत लिहिला तर संपादक कापून टाकील.

प्रतिसाद : ओसरी

सर्वांचे वाचले. पेरोन यांच्या उदाहरणापुढे माझे म्हणणे थोडे मवाळ करतो. पण एक गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. तरुण नेता का नाही, असे आपण विचारतो, तेव्हा तो होता याची आठवण ठेवावी. सौलोस चिलिमा उपराष्ट्राध्यक्ष होते, पन्नाशीत होते, २०१९ ची निवडणूक न्यायालयात नेणाऱ्या दोघांपैकी एक होते. १० जून २०२४ रोजी लष्करी विमान चिकांगावाच्या जंगलात कोसळले आणि त्यात ते गेले. वृद्ध माणूसच आधी जाईल, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. मलावीत २०२४ मध्ये उलटे झाले, आणि ज्याच्या नावावर तरुण मते गोळा झाली असती तोच मतपत्रिकेवर नव्हता.

प्रतिसाद : माळावरून

ओसरी, चिलिमांचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो माझ्या विरोधात जातो हेही खरे. तरीही मुथारिकांच्या स्वतःच्या पक्षातील माणसांचे काय झाले, ते पाहिले पाहिजे. २०२० च्या पराभवानंतर त्यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले नाही. कोंडवानी नांकुम्वा पक्षाचे उपाध्यक्ष आणि संसदेतील विरोधी पक्षनेते होते, नेतृत्वावर त्यांचा दावा होता. बरीच वर्षे कोर्टकज्जे चालून अखेर २०२४ मध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले. डालित्सो काबांबे हे मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर. परकीय चलन संपलेल्या देशात याहून उपयोगी माणूस कोणता असतो? तेही पक्षाबाहेर पडले आणि चिलिमांनी स्थापन केलेल्या यूटीएम पक्षाचे नेते झाले. दोघेही २०२५ मध्ये आपल्या जुन्या नेत्याविरुद्ध उभे राहिले आणि खूप मागे पडले. त्या पाच वर्षांत पक्षाने यांच्यापैकी एकाला पुढे केले असते आणि मुथारिकांनी त्याच्यासाठी सभा घेतल्या असत्या, तर पेट्रोलच्या रांगेतील माणसाने त्यालाही मत दिले असते असे मला वाटते. ओसरींना तेथील माणसे प्रत्यक्ष माहीत आहेत. काबांबे यांच्याविषयी लिंबेच्या बाजारात काय बोलले जात असे, ते त्यांनी लिहिले तर वाचायला आवडेल.